दोन हातांनी दिलेलं कार्ड : जपानी व्यवसायशिष्टाचाराच्या पुस्तकांविषयी



आज ज्या पुस्तकांविषयी आम्हाला बोलायचं आहे ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचली असतील, निदान चाळली तरी असतील. कामासाठी जपानला निघालेल्या माणसाच्या हातात जाण्याआधी जे पुस्तक हमखास पडतं, ते. कंपनी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठेवते, त्याच्या स्लाइडसुद्धा अशाच पुस्तकांतून उचललेल्या असतात. साहित्य म्हणून या लेखनाकडे कोणी बघत नाही, त्याची परीक्षणं कुठे छापून येत नाहीत. पण ज्या मजकुरावरून पंचविशीतली मुलंमुली परक्या देशात कसं वागायचं, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे ठरवतात, त्या मजकुराची समीक्षा व्हायला नको का? कथा-कादंबऱ्यांची होतेच की. म्हणून आजचा हा उद्योग.

या पुस्तकांत असतं काय, ते आधी पाहू. पहिलं प्रकरण बहुतेक वेळा मेइशीचं, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाचं. ते उभं राहून द्यायचं, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सरळ वाचता येतील अशी. घेतलेलं कार्ड लगेच खिशात कोंबायचं नाही, त्याच्यावर पेनानं काही खरडायचं नाही. बैठक संपेपर्यंत टेबलावर ठेवायचं, समोरची मंडळी ज्या क्रमानं बसली आहेत त्याच क्रमानं. मग वाकण्याचं प्रकरण : १५ अंश, ३० अंश, ४५ अंश. मग बसण्याच्या जागा. दारापासून सर्वांत लांबची जागा कामिझा, ती मानाची. दाराजवळची शिमोझा, ती धाकट्याची. टॅक्सीत ड्रायव्हरच्या मागची जागा मानाची, आणि ड्रायव्हरशेजारी सर्वांत कनिष्ठ माणूस, कारण पत्ता सांगायचा आणि पैसे द्यायचे ते त्यानं. लिफ्टमध्ये बटणांपाशीही तोच. भेटवस्तू देताना चार नगांचा संच नको, कारण चारचा एक उच्चार 'शि' आणि मृत्यूचाही 'शि'. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृताला वाहिलेल्या भातात तशा खोचतात.

हे सगळं खरं आहे. यातलं काहीही खोटं आहे असं आमचं म्हणणं नाही. एका दुपारी शिकून होतं आणि शिकलेलं बरंही असतं. पण यात चूक झाली तर पाहुण्याला जपानी माणूस सहसा माफ करतो. कार्ड एका हातानं दिलं म्हणून करार मोडला असं होत नाही. मग पुस्तकाची साठ-सत्तर पानं ज्या गोष्टी माफ होतात त्यांच्यावर खर्च होतात, आणि ज्या माफ होत नाहीत त्यांच्यावर दोन परिच्छेद. आमच्या तक्रारीचं मूळ इथे आहे.

आणखी एक गंमत बघा. ही पुस्तकं असा भास निर्माण करतात की जपानी माणूस हे सगळं आईच्या दुधाबरोबर पिऊन येतो; मध्येच सामुराई येतो, मध्येच झेन येतं. प्रत्यक्षात १ एप्रिलला जपानी कंपन्यांमध्ये नवी भरती रुजू होते आणि पहिले काही दिवस, कुठे काही आठवडे, त्या पदवीधर मुलामुलींना रांगेत उभं करून हेच शिकवतात. कार्ड कसं द्यायचं, फोन कसा उचलायचा, किती वाकायचं. त्यांनाही ते घोटूनच घ्यावं लागतं. तुमच्यासमोर जो सहज, डौलदारपणे कार्ड देतो आहे त्यानं ते घरच्या संस्कारातून घेतलेलं नसून कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात घेतलेलं असतं.

आता कार्ड देण्यामागचं खरं काम काय? कार्डावर कंपनी, विभाग, हुद्दा आणि मग नाव. ते वाचल्याशिवाय समोरच्याशी जपानी भाषेत नीट बोलताच येत नाही, कारण क्रियापद कुठलं वापरायचं हे त्यावर ठरतं. जपानीत आदराची भाषा आहे, तिला केइगो म्हणतात. शाळेत तिचे तीन प्रकार शिकवत. २००७ मध्ये तिथल्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेनं मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत पाच केले. समोरच्याला वर चढवणारी क्रियापदं वेगळी, स्वतःला खाली उतरवणारी वेगळी. 'जाणे', 'खाणे', 'असणे' या साध्या क्रियांनासुद्धा वेगवेगळे शब्द.

इंग्रजीतून आलेल्या माणसाला हे अवघड वाटणारच. त्याच्याकडे एकच 'यू'. पण आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे. 'आला' आणि 'आले' आहे. 'या', 'यावं', 'येण्याचं करावं' आहे. आजोबांना 'तू' म्हणायचं नाही हे कळायला आपल्याला पुस्तक लागत नाही. आपल्याकडे वापरली जाणारी बहुतेक पुस्तकं मात्र अमेरिकन वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकांच्या नकला आहेत. त्यामुळे आपली अर्धी वाट चालून झालेली असते आणि पुस्तक आपल्याला पुन्हा पहिलीच्या वर्गात नेऊन बसवतं. आणि जिथे आपण खरोखर अडखळणार ती जागा त्यात नसतेच.

ती जागा कोणती ते सांगतो. समजा, तुमच्या साहेबांचं नाव तानाका आणि हुद्दा बुचो, म्हणजे विभागप्रमुख. ऑफिसात तुम्ही त्यांना 'तानाका-बुचो' म्हणणार. पण ग्राहक कंपनीचा फोन आला आणि त्यांनी साहेबांची चौकशी केली, की तुम्ही म्हणायचं, 'तानाका जागेवर नाही.' 'सान' नाही, 'बुचो' नाही, आणि क्रियापदसुद्धा नम्रतेचं, जे स्वतःसाठी वापरतात ते. मराठी माणसाच्या घशातून हे उतरत नाही. आपल्याकडे साहेब ते साहेब. फोनवर मंत्रालयातून कोणी असो की शेजारच्या दुकानातून, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हेच वाक्य. आपला आदर माणसाला चिकटलेला असतो, तो माणूस जाईल तिथे आदरार्थी बहुवचन त्याच्यामागे जातं. जपानीत आदर एका रेषेवरून ठरतो. रेषेच्या आतली ती 'उचि', आपली माणसं, बाहेरची 'सोतो'. बाहेरच्याशी बोलताना आतला माणूस कितीही मोठा असला तरी तो आपल्या बाजूचा, म्हणून त्याला खाली उतरवायचं. आपल्या आईचा उल्लेख बाहेरच्यापुढे करताना 'हाहा', दुसऱ्याच्या आईचा करताना 'ओकासान'. आणि ही रेषा सरकते. दोन विभागांत बोलणं चाललं असेल तर ती विभागांमधून जाते. दोन्ही विभाग मिळून ग्राहकासमोर बसले की दोघांभोवतीनं जाते.

ही गोष्ट समजली की कार्ड, जागा, वाकणं हे सगळं आपोआप समजतं. समजली नाही तर नुसते अंश मोजत बसावं लागतं. आम्ही पाहिलेल्या पुस्तकांत उचि-सोतो असतं, पण 'जपानी संस्कृतीची वैशिष्ट्यं' अशा चौकटीत, दहा-बारा जपानी शब्दांच्या यादीत, वा-कोन-सेन्पाइ यांच्या शेजारी. प्राणिसंग्रहालयातल्या पाटीसारखं.

या रेषेविषयी सर्वांत नेमकं लिहिलं ते नाकाने चिए या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी, १९६७ मधल्या त्यांच्या उभ्या समाजरचनेवरच्या पुस्तकात. आपल्याला विशेष वाटावं असं हे, की बाईंनी भारतात बरंच क्षेत्रकार्य केलं होतं, आसामच्या बाजूला आणि केरळातही. त्यांच्या मांडणीत जपानच्या समोर उभा आहे तो भारत. भारतात माणूस कोण हे त्याच्या गुणविशेषावरून ठरतं, आणि त्याचं टोकाचं उदाहरण जात. जपानमध्ये तो कुठल्या चौकटीत आहे त्यावरून, म्हणजे कुठल्या घरात, कुठल्या कंपनीत. ड्रायव्हर असो की हिशेबनीस, आधी तो अमुक कंपनीचा. हे निरीक्षण आजही उपयोगी पडतं. पण ते आजन्म नोकरीच्या भरभराटीच्या काळातलं आहे. आज जपानमधल्या नोकरदारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक अनियमित नोकरीत आहेत : कंत्राटी, अर्धवेळ, मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीनं पाठवलेले. त्यांची चौकट कुठली? शिष्टाचाराचं पुस्तक हा प्रश्न विचारत नाही. त्याला १९६७ चा जपान पुरतो. काहींना तर १९४६ चासुद्धा पुरतो. त्या वर्षी रूथ बेनेडिक्ट यांचं 'क्रिसॅन्थमम अँड द सोर्ड' आलं, आणि ते लिहिण्यापूर्वी बाई जपानला गेलेल्याच नव्हत्या. युद्धाचे दिवस होते, जाणार कशा? त्यांनी अमेरिकेतल्या जपानी लोकांशी बोलून, पुस्तकं आणि सिनेमे पाहून ते लिहिलं. त्या परिस्थितीत ते मोठंच काम होतं. पण त्याचा उतारा आजच्या प्रशिक्षणाच्या स्लाइडवर यावा हे जरा अतीच.

असो. आता ज्या सल्ल्यावर आमचा खरा राग आहे तिकडे वळू. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हे वाक्य असतं : जपानी माणूस कधी 'नाही' म्हणत नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. याला पुरावा म्हणून एक किस्सा येतो. नोव्हेंबर १९६९, वॉशिंग्टन. पंतप्रधान सातो एइसाकु आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची भेट. जपानी कापडाची निर्यात आवरा, असं निक्सन म्हणतात. सातो म्हणतात 'झेन्शो शिमासु', म्हणजे 'योग्य ते करू'. जपानीत याचा अर्थ जवळजवळ 'काही होणार नाही' असा. दुभाष्यानं मात्र आश्वासन वाटेल असं भाषांतर केलं. निक्सननं ते वचन मानलं, पुढे काही झालं नाही आणि तो चिडला. तात्पर्य, जपानी माणूस बोलतो एक आणि अर्थ दुसरा.

किस्सा छान आहे. पण त्या भेटीत मुख्य विषय होता ओकिनावा परत मिळण्याचा. ओकिनावाच्या वाटाघाटींसाठी सातोंचे गुप्त दूत म्हणून काम केलेल्या वाकाइझुमी केइ यांनी १९९४ मध्ये स्वतः पुस्तक लिहिलं, आणि कापडाबाबतही पडद्याआड बोलणी चालली होती हे त्यातून दिसतं. म्हणजे सातोंना काय मागितलं जात आहे ते कळत होतं आणि निक्सनला काय मिळतं आहे तेही. अडचण ही, की घरच्या कापड उद्योगापुढे आणि संसदेपुढे सातोंना ते पार पाडता येईना. त्या काळी जपानमध्ये एक कोटी चालायची : नावा घेतला, इतो विकला. नावा म्हणजे दोरखंड, ओकिनावातला. इतो म्हणजे सूत. दोरखंड घेतला आणि सूत विकलं. साध्या जपानी माणसाला यात सौदा दिसत होता. शिष्टाचाराच्या पुस्तकाला त्यात 'सांस्कृतिक गैरसमज' दिसतो. राजकारण चाललेलं असतं, कोणाच्या तरी पोटावर पाय येत असतो, आणि आपण म्हणतो, त्यांची भाषाच संदिग्ध आहे.

आणि संदिग्ध बोलण्याचं आपल्याला एवढं अप्रूप का वाटावं? मुलगी पसंत नसली तर आपल्याकडे काय कळवतात? पत्रिका जमत नाही. मुलाकडच्यांना कळतं, मुलीकडच्यांना कळतं, मध्यस्थालाही कळतं. पत्रिका कोणी उघडलेलीही नसते. 'बघू', 'विचार करून कळवतो', 'दिवाळीनंतर भेटू' ही काय होकाराची वाक्यं आहेत? जपानी माणूस 'केन्तो शिमासु', विचार करतो, असं म्हणाला, किंवा दाताआडून श्वास आत ओढत 'मुझुकाशी', अवघड आहे, म्हणाला, तर मराठी माणसाला ते लगेच कळायला हवं. कळतंही. पण पुस्तकानं त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं की हा गूढ देश आहे, म्हणून तो स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवत नाही.

बैठकीत 'नाही' ऐकू येत नाही याचं एक अगदी रोखठोक कारण आहे. बैठक हे निर्णय घेण्याचं ठिकाणच नसतं बहुतेक वेळा. निर्णय आधी झालेला असतो. त्या आधीच्या कामाला नेमावाशी म्हणतात. हा माळीकामातला शब्द आहे. मोठं झाड हलवायचं असेल तर आधी त्याच्या मुळांभोवती खणून, काही मुळं छाटून, नवी बारीक मुळं फुटायला वेळ देतात, मग झाड उचलतात. तसं प्रस्ताव मांडायच्या आधी ज्याच्या ज्याच्या कामावर त्याचा परिणाम होणार त्या प्रत्येकाला एकेकटं भेटून घ्यायचं, हरकती तिथेच ऐकायच्या. मग रिंगीचा कागद फिरतो, एकेकाचा शिक्का त्यावर पडतो, आणि बैठकीत सगळे मान डोलावतात. नवखा पाहुणा बैठकीत पहिल्यांदाच काही नवं काढून बसतो आणि मग त्याला वाटतं, हे लोक बोलत का नाहीत? ते काय बोलणार! त्यांनी आपापल्या विभागात विचारलेलंच नाही. 'परत नेऊन विचार करतो' असं ते म्हणतात तेव्हा ते पुष्कळदा शब्दशः खरं असतं. बैठकीच्या दोन आठवडे आधी कोणाला ईमेल करायचं, कोणाशी कॉफी घ्यायची, हे शिकवणारं प्रकरण असायला हवं. त्या जागी वाकण्याची आकृती असते.

आता याचा फटका कोणाला बसतो ते पाहा. पुण्यात जपानी भाषा शिकण्याची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधून, खाजगी वर्गांतून शिकलेली कितीतरी मुलं आयटी कंपन्यांत 'ब्रिज एसई' होतात. म्हणजे इकडची टीम आणि तिकडचा ग्राहक यांच्यामधला पूल. एक प्रातिनिधिक प्रसंग घेऊ. ग्राहक विचारतो, शुक्रवारपर्यंत होईल ना? या मुलीला माहीत आहे, होणार नाही. पण प्रशिक्षणात शिकवलंय, थेट 'नाही' म्हणायचं नाही, समोरच्याचा चेहरा राखायचा. ती म्हणते, प्रयत्न करू. बुधवारी अडचण वाढते, ती सांगत नाही. सांगणं उद्धटपणा होईल. शुक्रवारी काम नाही. आणि ग्राहक संतापतो तो काम झालं नाही म्हणून नाही, तर बुधवारी कळवलं नाही म्हणून. जपानी लोकांनी भारताविषयी लिहिलेल्या मार्गदर्शकांत 'भारतीय माणूस नेहमी नो प्रॉब्लेम म्हणतो' हे वाक्य हमखास भेटतं. म्हणजे दोन्हीकडची पुस्तकं एकमेकांना सांगताहेत की समोरचा 'नाही' म्हणत नाही. मधल्या मध्ये ती मुलगी रात्री दोनला कोड दुरुस्त करत बसलेली.

जपानी कामाच्या ठिकाणी वाईट बातमी लपवणं शिष्टाचारात बसतं हे मुळातच चूक आहे. तिथे नव्या माणसाला पहिला मंत्र देतात तो होरेन्सोचा. होकोकु म्हणजे अहवाल देणं, रेनराकु म्हणजे कळवणं, सोदान म्हणजे सल्ला विचारणं. तिन्हींची पहिली अक्षरं जोडली की होरेन्सो, म्हणजे पालक, आपली पालकाची भाजी. हा शब्द १९८० च्या दशकात रुळवला यामाताने सिक्युरिटीजचे अध्यक्ष यामाझाकी तोमिजी यांनी. आणि त्यांचा रोख वरिष्ठांकडे होता. नको असलेली बातमीसुद्धा खालून वर मोकळेपणानं यावी अशी हवा कंपनीत तयार करा, पालक उगवेल अशी जमीन करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे काय झालं, जमीन करायची जबाबदारी राहिली बाजूला आणि पालक उगवायची जबाबदारी कनिष्ठांच्या गळ्यात पडली. आता होरेन्सो म्हणजे धाकट्यानं थोरल्याला तासातासाला हिशेब देणं. शिष्टाचार वरून खाली कसा घरंगळतो याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. टोयोटाच्या कारखान्यात तर दोष दिसला की लाइनवरचा साधा कामगार दोरी ओढून सगळ्यांना कळवतो, आणि वेळ पडली तर अख्खी लाइन थांबते. त्याला अन्दोन म्हणतात. तीही जपानी रीतच की. ती शिष्टाचाराच्या पुस्तकात का नाही? कारण तिच्यात वाकणं नाही.

आणि आता सत्तेचा प्रश्न. ज्याला आपण 'जपानी नम्रता' म्हणतो तिचा मोठा भाग विकणाऱ्यानं विकत घेणाऱ्यापुढे दाखवायची नम्रता आहे. कोण किती वाकतो हे वयावर ठरतं तसंच पैसा कुठून कुठे वाहतो त्यावरही ठरतं. बांधकामात आणि आयटीतही कामाची उतरंड असते : मूळ कंत्राटदार, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. भारतीय माणूस अनेकदा या उतरंडीच्या खालच्या टोकाला काम करत असतो आणि पुस्तक त्याला समान पातळीवरचा पाहुणा समजून सल्ला देतं. मूळ कंत्राटदारानं छोट्यांना पिळू नये म्हणून जपाननं १९५६ मध्ये कायदा केला. 'ग्राहक देव आहे' हे जे वाक्य जपानविषयी कौतुकानं सांगतात, ते मिनामी हारुओ या गायकाच्या तोंडचं. देवापुढे उभं राहावं तशा शुद्ध मनानं आपण रंगमंचावर गातो, असं त्याला म्हणायचं होतं. लोकांनी त्याचा अर्थ केला, ग्राहकानं काहीही करावं. हे इतकं वाढलं की ग्राहकांच्या छळाला जपानीत 'कासुहारा' असा शब्द आला आणि तोकियोनं त्याविरुद्ध नियम केला, तो एप्रिल २०२५ पासून लागू आहे.

म्हणजे जपान स्वतःच आपल्या शिष्टाचाराशी भांडतो आहे. हे भांडण पुस्तकांत नसतं, आणि आम्हाला हे फार खटकतं. २००५ पासून उन्हाळ्यात 'कूल बिझ' आहे, सरकारनंच टाय-कोट काढायला सांगितले. पुस्तक अजून ऑगस्टच्या उकाड्यात गडद सूट घालायला लावतं. काही ठिकाणी अशी रीत होती की कागदावर शिक्का मारताना धाकट्यानं तो डावीकडे कललेला मारायचा, म्हणजे शेजारच्या साहेबाच्या शिक्क्याला तो वाकून नमस्कार करतोय असं दिसावं. हसू नका, होती खरोखर. २०२० मध्ये कोनो तारो प्रशासकीय सुधारणांचे मंत्री झाले आणि त्यांनी सरकारी कामातले बहुतेक शिक्केच काढायला घेतले. तिकडे शिष्टाचार शिकवणारे व्यावसायिक शिक्षक असतात. ते दरवर्षी नवे नियम शोधून काढतात अशी जपानी लोकच त्यांची टिंगल करतात. साके ओतताना सुरईच्या चोचीतून ओतू नये, हा त्यातलाच एक. मग चोच केली कशाला, असं लोक विचारतात.

'एदो शिगुसा'चं प्रकरण तर शाळेपर्यंत गेलं. एदो काळातले व्यापारी पावसात समोरून माणूस आला की छत्री बाहेरच्या बाजूला कलती करत, नावेत मूठभर सरकून जागा देत, अशा रीतींचा हा संच. २०१४ च्या प्राथमिक शाळेच्या नीतिशिक्षणाच्या सरकारी पुस्तिकेत तो आला. त्याच वर्षी हारादा मिनोरु यांनी पुस्तक लिहून दाखवून दिलं की हा संच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेला आहे, एदो काळाच्या कागदपत्रांत त्याला आधार नाही. परंपरा म्हणून जे सांगितलं जातं त्याचं वय तपासावं, एवढा धडा आपण आपल्याकडच्या अनुभवावरूनही घेऊ शकतो.

स्त्रियांसाठीचं प्रकरण बहुतेक पुस्तकांत एक पान असतं, आणि त्यात बंद बूट, थोडी टाच, फिकट मेकअप, पार्टीत आजूबाजूच्यांचे ग्लास रिकामे राहू देऊ नका, वगैरे. २०१९ मध्ये इशिकावा युमी या जपानी स्त्रीनं कामावर उंच टाचांची सक्ती नको म्हणून सह्या गोळा केल्या. चळवळीचं नाव 'कुतू', कुत्सु म्हणजे बूट आणि कुत्सू म्हणजे वेदना. पुस्तक ज्याला संस्कृती म्हणतं त्याला तिथल्या बायका वेदना म्हणत होत्या. दारू पाजण्याच्या आग्रहाला 'आरुहारा' म्हणतात, तो छळातच मोजतात. वरिष्ठांच्या छळाविरुद्धचा कायदा २०१९ मध्ये झाला, मोठ्या कंपन्यांना जून २०२० पासून आणि छोट्यांना एप्रिल २०२२ पासून लागू झाला. साहेब गेल्याशिवाय ऑफिस सोडू नये, हा सल्ला अजून छापला जातो. पण जादा कामाला महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास ही सर्वसाधारण मर्यादा २०१९ पासून कायद्यात आहे. आणि १९४७ च्या कामगार मानक कायद्याचं तिसरं कलम राष्ट्रीयत्वावरून वेतनात किंवा कामाच्या तासांत भेद करायला मनाई करतं. परदेशी माणसाला हे कोणी सांगायचं? त्याला सांगितलं जातं की रात्री दहापर्यंत बसणं ही इथली रीत आहे. रीत म्हटलं की माणूस तक्रार करत नाही, उलट आपलंच कुठेतरी कमी पडतंय असं त्याला वाटतं.

कोणी म्हणेल, मग शिष्टाचार शिकूच नये का? शिकावा. वेळेआधी पाच मिनिटं पोहोचावं, कार्डं पुरेशी न्यावीत, उशीर होणार असेल तर दोन मिनिटांचा असला तरी कळवावं. शाकाहारी असाल तर जेवणाच्या टेबलावर तोंड वाकडं करण्यापेक्षा, पार्टी ठरवणारा जो कोणी असतो, त्याला कान्जी म्हणतात, त्याला चार दिवस आधी सांगावं. भाजीच्या सारातही माशाची दाशी असते हे लक्षात घेऊन स्पष्ट सांगावं. तो मनापासून सोय करतो. पुस्तक इथेही म्हणतं, वाढलेलं खा, नकार देऊ नका. आमचा अनुभव अगदी उलटा आहे. आधी सांगितलेल्या नकाराचा जपानमध्ये कोणाला राग येत नाही. ऐनवेळी दिलेल्या नकाराचा येतो.

आम्हाला हवं असलेलं पुस्तक अजून मराठीत नाही. ते लिहायला इथलीच माणसं लागतील, दहा-पंधरा वर्षं तिथे राहून आलेली. निशी-कासाइ भागात तर भारतीयांची वस्तीच आहे, आणि तिथल्या एदोगावा प्रभागाच्या परिषदेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले, ते मराठीच. अशा पुस्तकात मेइशीला दोन पानं पुरतील. मोठी प्रकरणं दुसरीच असतील : कंत्राटाच्या साखळीत तुमची जागा कशी ओळखायची, बैठकीआधी कोणाला भेटायचं, 'होणार नाही' हे बुधवारी जपानीत कसं सांगायचं, जादा तासांची नोंद स्वतः कशी ठेवायची आणि कामगार मानक कार्यालयात कोणत्या कागदानिशी जायचं. या वाक्यांचा सराव वर्गात करून घ्यायला हवा, जसा वाकण्याचा करून घेतात तसाच, आरशासमोर उभं राहून. आज वर्गात शंभर वेळा घोटून घेतलेलं वाक्य असतं 'योरोशिकु ओनेगाइ शिमासु'. 'सुमिमासेन, मानिआइमासेन', माफ करा, वेळेत होणार नाही, हे वाक्य किती जणांच्या तोंडात बसलंय? हात वर करायला सांगत नाही.

प्रश्नांसाठी आपल्याकडे वीस मिनिटं आहेत. ज्यांना जपानमधल्या नोकरीच्या करारांविषयी विचारायचं आहे त्यांनी आधी विचारावं, म्हणजे उत्तराला वेळ मिळेल.